कोपाखालची माती

मित्रांनो, आधी एक तक्रार ऐका, मग माझं नाव-गाव सांगते. वीरेशनं माझ्याच बांधावर उभं राहून मला संपलेली म्हटलं. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात माझ्यातूनच उपटलेलं हरभऱ्याचं वाळकं रोप. पलीकडच्या माणसाला सांगतोय, "हे रान संपलंय बघ. चार साल झालं, पिकतच न्हाई. येळवस झाली की ये आन् वरची दोन फूट माती उचलून घेऊन जा."

दोन फूट. जसं काही दुकानातून झंपराला कापड काढायला सांगतोय.

अरे, वरची दोन फूट म्हणजेच मी. त्याच्या खाली मुरूम आहे, तो काही मी नाही. माणसाची कातडी, मांस, रक्त सगळं काढून न्यायचं आणि हाडांना म्हणायचं, आता तू पीक दे. ज्याची झोळी लहानपणी माझ्याच बांधावरच्या लिंबाला टांगलेली असायची, त्यानं हे बोलावं? बरं, बोलताना आवाज तरी खाली आणावा की नाही? समोरच बसले होते मी, सात एकर पसरून. ऐकायला येणार नाही असं वाटलं की काय त्याला?

तर मी एक जुनं काळं रान आहे. शिरूर अनंतपाळच्या पुढं, घरणी नदीच्या अलीकडं. विहिरीजवळ यांचा दोन एकरांचा तुकडा आहे, त्याला धाकटी म्हणतात. मला थोरली म्हणतात. नावात मान आहे आणि तो मी फुकट घेतलेला नाही.

माझा जन्म काळ्या दगडातून झाला. दगड उन्हानं तापला, पावसानं भिजला, थंडीनं तडकला, आणि हळूहळू त्याची माती झाली. किती वर्षं लागली ते मला विचारू नका, मी शाळेत गेलेली नाही. एवढंच सांगते, की मी नुसती वीतभर जाड होईपर्यंत या गावात कितीतरी पिढ्या जन्मल्या, नांदल्या आणि गेल्या. म्हणून कुणी मला जेसीबीच्या एका फेरीत उचलायच्या गोष्टी केल्या की माझं डोकं फिरतं.

आणि मित्रांनो, माती म्हणजे दगडाची नुसती पूड नव्हे. तसं असतं तर गिरणीत दळून आणली असती. माझ्या पोटात गांडुळं राहतात, किडे राहतात, आणि डोळ्यांना न दिसणारे इतके जीव राहतात की मलाच सगळ्यांची तोंडं ओळखू येत नाहीत. पालापाचोळा, शेण, मुळांचे तुकडे असं जे मिळेल ते खाऊन ती मंडळी मला भुसभुशीत ठेवतात. मोठं घर म्हटलं की त्यात कामाची माणसं असतात आणि आयतं खाणारीही असतात. आयतं खाणाऱ्यांत एक बुरशी आहे. शेतकरी तिच्या रोगाला मर म्हणतात. हरभऱ्याच्या मुळात शिरायचं, पाणी वर चढायची वाट बंद करायची, आणि उभ्या रोपाला मान टाकायला लावायची, हा तिचा धंदा. ती माझ्याकडं पहिल्यापासून आहे. खोटं कशाला सांगू? पण वीरेशच्या बापाच्या, गुंडप्पाच्या काळात ती कोपऱ्यात मुटकुळं करून पडलेली असायची. बाहेर कुणाला तिचं नाव माहीत नव्हतं.

कारण गुंडप्पा एका जागी एकच पीक लागोपाठ घेत नसे. औंदा हरभरा निघाला की पुढच्या साली तिथं ज्वारी, ज्वारीत तुरीच्या ओळी. मग कधी मूग, कधी करडई. मरच्या बुरशीला हरभऱ्याचं मूळ गोड लागतं, ज्वारीचं मूळ तिला चालत नाही. बसायची उपाशी. तिचं गणगोत वाढायचं नाही. शिवाय दावणीला बैल होते, दोन गायी होत्या. उकिरडा वर्षभर कुजायचा, हातात घेतला तर शेणाचा वास न येता पावसाळी मातीचा वास येईल इतका कुजायचा, आणि मग गाड्या भरून माझ्यावर पडायचा. ते खाऊन माझी कामाची मंडळी धष्टपुष्ट झालेली. त्यांच्यापुढं मरची काय हिंमत?

कौतुकही भरपूर झालं माझं. माझ्या तुरीची डाळ लवकर शिजते म्हणून उदगीरचे पाहुणे पिशव्या घेऊन यायचे. सोयरीक जुळवायला आलेली माणसं पोराच्या आधी मला बघायची. वीरेशच्या लग्नाच्या वेळी दामिनीच्या बापानं वीरेशला एकदाच बघितलं आणि मला दोनदा. दुसऱ्यांदा आला तेव्हा खिशातला रुमाल पसरून माझ्यावर बसला आणि म्हणाला, "रान चांगलं हाय, पोरगं बी चालंल." माझ्या जिवावर बायको मिळाली त्याला. हे त्याला कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगितलं.

माझ्या उताराला सुमनबाईचं रान आहे. बरड, पांढुरकं, दगडगोट्यांचं. मी वरून खाली बघून तिला हसायची. सुमनबाईच्या दोन म्हशी आहेत. म्हशींना कडबा लागतो, म्हणून ती बाई दर साली ज्वारी घेतेच, आणि शेण पडतं ते त्याच रानात जातं. मला वाटायचं, घाल बाई किती घालायचं ते, बरड ते बरडच राहणार.

मग गुंडप्पा गेला. वीरेशचं गावात फ्लेक्सचं दुकान आहे. कुणाचा वाढदिवस असो, कुणाची निवड असो, बोर्ड याच्याच दुकानात छापला जातो. पोरगा कामाला वाईट नाही. पण शेती त्यानं मोबाइलवर सुरू केली. ट्रॅक्टरवाल्याला फोन, फवारणीवाल्याला फोन, कापणीवाल्याला फोन. मला भेटायला यायचा तो पाहुण्यासारखा. बैल विकले, गायी विकल्या. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात हरभरा. पुढच्या साली पुन्हा सोयाबीन, पुन्हा हरभरा. ज्वारी बंद. ज्वारीला पाखरं राखावी लागतात, काढायला माणसं मिळत नाहीत, म्हणे.

रोज एकच भाजी ताटात आली तर तुम्ही ताट ढकलाल. मी कुणाकडं ढकलू? तेच पीक माझ्यातून तेच तेच उपसून न्यायचं आणि वर खताची गोणी रिकामी व्हायची. गोणीनं पीक तरारतं, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या पोटातल्या मंडळींना गोणीतलं खाता येत नाही, त्यांना कुजलेलं लागतं. ते आणायचं कुठून? गोठा रिकामा. सोयाबीनचं भुसकट आणि काड्या तरी माझ्यावर पडू द्याव्यात. तर तेही नाही. वीरेश काडी ओढायचा आणि सगळं पेटवून द्यायचा. रान स्वच्छ दिसतं, म्हणे. अरे, ते काय दुकानातलं काउंटर आहे का फडकं मारायला? वरच्या थरातली माझी अर्धी मंडळी त्या आगीत गेली.

त्यात ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर. दर साली तेवढ्याच खोलीवर फिरायचा. वर मऊ पिठासारखी माती आणि खाली ट्रॅक्टरच्या वजनानं दाबून दाबून झालेली फरशी. पाणी त्या फरशीवर तुंबायचं, मुळांना खाली वाट नाही, श्वास नाही. मुळं अशी अर्धमेली झाली की मरला काय, दार उघडं आणि ताट वाढलेलं. दर हिवाळ्याला हरभरा. खाल्लं तिनं, वाढली, आणि सगळ्या सात एकरांत पसरली.

पहिल्या साली रोपं इथं तिथं वाळली. वीरेश म्हणाला, बी खराब. दुसऱ्या साली ठिगळं पडली. म्हणाला, हवा खराब. तिसऱ्या साली त्यानं पानांवर दोन-तीन औषधं मारली. रोग मुळात आणि औषध शेंड्याला. पाय मुरगळलेल्या माणसाच्या डोक्याला बाम चोळावा तसं. चौथ्या साली, म्हणजे मी सांगतेय त्या साली, अर्ध्याहून जास्त हरभरा घाटे भरायच्या आधीच पिवळा पडून बसला. आणि खालचं ते बरड, माझ्या डोळ्यांदेखत, हिरवंगार. मला किती राग आला असेल ते तुम्हीच समजून घ्या.

तेव्हा वीरेशच्या डोक्यात फ्लेक्सची अक्कल आली. बोर्ड फाटला की वरचा सोलून काढतात आणि खाली कोरी फ्रेम निघते. त्याला वाटलं, रानाचंही तसंच. वरची रोगट माती वीटभट्टीला द्यायची, खालून कोरी माती निघेल, तिच्यात रोग नसेल. बुरशी नसेल हे खरं. पण पीकही नसेल, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. भट्टी त्याच्या शाळेतल्या दोस्ताची, संगमेशची. बोलणं होऊन गेलं. घरात वीरेशनं कुणाला सांगितलं नाही, बायकोला नाही आणि आईला तर नाहीच. आईचं नाव नीलम्मा, घरात सगळे तिला अव्वा म्हणतात. सांगायची हिंमत कुणाची होती?

आणि येळवस आली.

लांबच्या मित्रांसाठी सांगते. आमच्याकडं मार्गशीर्षातल्या अवसेला कुणी घरी जेवत नाही. सगळं गाव रानात येतं. ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून छोटी झोपडी करतात, तिला कोप म्हणतात. त्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पूजा होते. मडक्यातली आंबील रानावर शिंपडतात. शेंगा-पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, खीर, धपाटे असं जेवण आणि हाकेला येईल तो पाहुणा. वर्षातून हा एक दिवस माझा. त्या दिवशी माझ्यावर माणसं धावत नाहीत, बसतात.

नीलम्माच्या सासरची एक रीत होती. कोप दर साली त्याच जागी बांधायचा नाही, गेल्या सालच्या जागेपासून जरा पुढं सरकवायचा. रानातली लक्ष्मी अशी पुढं पुढं सरकत सगळीकडं हिंडली पाहिजे, म्हणून. आणि बांधलेला कोप मोडायचा नाही. त्याचा तो वाऱ्यापावसानं पडेल, तिथंच कुजेल. वीरेश रान पेटवायचा तेव्हा नीलम्माची ताकीद असायची, "लक्ष्मीच्या जागेला आग लागता कामा नये." मग तो कुरकुरत कोपाभोवती माती ओढून कडं करायचा आणि बाकीचं पेटवायचा.

त्या दिवशी नीलम्मा टेम्पोतून उतरली आणि कोपाकडं बघून थांबली.

"कडबा कुणाचा?" तिनं विचारलं.

"सुमनमावशीचा," दामिनी म्हणाली. "आपल्यात ज्वारी कुठं हाय, अव्वा?"

"म्हंजे सात एकरवाल्यांचा कोप आता मागून आणलेल्या कडब्याचा. बरं हाय. पुढल्या साली पाच दगड बी मागून आणा."

सुमनबाई उंड्यांची टोपली उतरवत होती. ती म्हणाली, "नीलम्माकाकू, कडबा माझा हाय म्हून कोपात मला आधी बसवा."

"तू बस की. तुझ्या म्हशी बी आणायच्या व्हत्या."

"त्या न्हाई येत. त्यांना तुमचं वाळलेलं रान बघवत न्हाई."

नीलम्मानं पदर तोंडाला लावला. हसली की राग गिळला, मला दिसलं नाही.

पूजा झाली, आंबील शिंपडून झाली. माझ्या अंगावर थंड शिंतोडे आले, बरं वाटलं. पंगत बसली. तेवढ्यात मोटारसायकलवरून संगमेश आला. माणूस जाडजूड, हसतमुख, खाण्यात अजिबात संकोच नाही.

"शरणार्थी, काकू," तो हात जोडून नमस्कार करत, मांडी घालत म्हणाला. "भज्जीचा वास रस्त्यापातुर आला."

"खा बापा, पोटभर खा," नीलम्मानं त्याला दोनदा वाढलं.

"खातो की. परवा काय मला टाइम भेटणार न्हाई. परवा जेसीबी घेऊन यायचं हाय ना इथं."

"इथं? कशाला?"

संगमेशनं घास तोंडातच ठेवला आणि वीरेशकडं बघितलं. वीरेश मोबाइलकडं बघायला लागला. बांध सोडला तर माझ्यात कुठंच रेंज येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

"वीरेश," नीलम्मा म्हणाली, "संगमेश काय म्हणायलाय?"

"अव्वा, मी सांगणारच व्हतो. वरची माती आजारी हाय. सगळी बुरशी भरलीय. दोन फूट काढून टाकली की खालची कोरी निघंल."

"कोरी?"

"हाव."

"खाली मुरूम हाय. तुझ्या बापानं हीर खांदली तवा मी टोपल्यांनी वाहिलाय तो. मुरमावर काय पेरणार हाईस, फ्लेक्स?"

दामिनीनं वाढायचा डाव खाली ठेवला. ती म्हणाली, "आन् मला कधी सांगणार व्हते? जेसीबी गेल्यावर?"

"तुला सांगितलं की अव्वाला कळतंय."

"मंग कळू द्यायचं की. चार साल झालं, तुम्ही एकट्यानंच ठरवून राहिलाव. बघा काय झालंय ते."

संगमेश ताटातून मान वर न काढता म्हणाला, "हे घरातलं हाय. मी नुसता जेवायलोय."

नीलम्मा कोपाच्या तोंडाशी सरकून ऐसपैस बसली. "दे माती," ती म्हणाली. "देतोस तर दे. पण मी या कोपातनं उठत न्हाई. जेसीबीवाल्याला म्हणावं, आधी म्हातारीला उचल, मंग थोरलीला."

सगळे हसले, वीरेश सोडून. मी हसले नाही. मित्रांनो, माझा जीव त्या दिवशी टांगलेला होता आणि नीलम्मा जे बोलली ते करणारी बाई आहे, पण ऐंशीला टेकलेली बाई थंडीत किती दिवस कोपात बसणार?

जेवणं उरकली तशी पाहुण्यांची पोरं डहाळे खायला हरभऱ्यात पसरली. तुम्हीही खाल्ले असतील, हिरवे कोवळे घाटे सोलून. दामिनी मागून ओरडली, "लांब जाऊ नका रे." नीलम्मा कोपात बसून पोरांकडं बघत होती. बघता बघता तिनं कपाळाला हात लावून डोळे बारीक केले.

"दामिनी, ती पोरं अशी घोळका घोळका करून कामून बसलीत? एवढं रान पडलंय."

"तिथंच घाटे हायत, अव्वा. बाकी सगळं वाळून गेलंय."

पहिला घोळका जवळच होता, त्याच्यापुढं दुसरा, त्याच्यापुढं तिसरा. सगळे एका ओळीत. जवळच्या घोळक्यात पोरं जास्त आणि भांडणंही जास्त, कारण तिथं घाटे जास्त. लांबच्या घोळक्यात दोनच पोरी.

"तिथं परसालचा कोप व्हता," नीलम्मा सावकाश म्हणाली. "तिथल्या दगडाला मी ठेचाळले व्हते."

"हाव की," सुमनबाई म्हणाली. "आन् त्याच्या पल्याड त्याच्या आदल्या सालचा. माझ्या म्हशी उन्हाळाभर त्या पडक्या कोपाच्या सावलीलाच बसायच्या. तिथलं शेण मी उचललं न्हाई कधी, लांब पडतं म्हून."

वीरेश म्हणाला, "मंग काय, तीन कोपाच्या कडब्यानं सात एकर बरं होतंय व्हय? योगायोग हाय ते. खालून समदं सारखंच हाय, दाखवतो चला."

आणि तो लिंबाखालची पहार घेऊन निघाला. आईला खोटं पाडायला निघाला होता, म्हणून इतक्या झपाझप. एरवी माझ्यात तो इतका आत कधी आला नसता.

आधी वाळलेल्या हरभऱ्यात त्यानं पहार मारली. वीतभर गेली आणि ठण्‌कन अडकली. पुन्हा मारली, पुन्हा अडकली. मग पोरांना बाजूला सारून परसालच्या कोपाच्या जागी मारली. पहार आत गेली. तो तोल जाऊन पुढं पडणार होता, कसाबसा सावरला. पोरं हसली. त्यानं हातानं माती उकरली. दाणेदार, ओलसर, हाताला न चिकटणारी. त्यात दोन गांडुळं निघाली आणि एका पोरीनं किंकाळी फोडली.

मग वीरेश खाली बसला. एक वाळलेलं रोप उपटून त्यानं नखानं खोड उभं चिरलं. आत तपकिरी, काळपट रेघ, मुळापासून वरपर्यंत. कोपाच्या जागेतलं रोप चिरलं. आत पांढरं. आणखी एक चिरलं, आणखी एक. मरचं ते काम होतं, आणि कोपाच्या जागी तिला हात-पाय पसरता आले नव्हते. तिथं आग लागली नव्हती. कडबा कुजला होता, शेण मुरलं होतं, आणि ते खाऊन माझी कामाची मंडळी तिथं पुन्हा नांदायला लागली होती; गांडुळांनी तर खालची फरशीही पोखरून काढली होती. त्यांनी तिला जागाच दिली नाही. मला हे तीन साल माहीत होतं. पण मला विचारतो कोण?

तो कोपाकडं परत आला तेव्हा कोपरापर्यंत मातीनं भरला होता. नीलम्मानं हात धुवायला पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला. टोमणा मारला नाही, आणि ते तिला किती जड गेलं असेल ते मीच जाणते.

"संगम्या," वीरेश म्हणाला, "जेसीबी नको आणू."

"अरे, मी भट्टी लावायला काढलीय."

"तळ्यातला गाळ घे."

"गाळ आम्हाला रानात टाकायला पाहिजे," सुमनबाई मधेच म्हणाली. "तो न्हाई द्यायचा."

"मंग मी काय भज्जीच्या इटा पाडू?" संगमेश म्हणाला.

"भज्जी बी संपलीय," दामिनी म्हणाली. "नदीपल्याडच्या पडीक टेकाडाचं बघा."

संगमेश थोडा फुगला, पण खीर घेऊन गेला. माणूस मनाचा वाईट नाही.

मित्रांनो, त्यानंतर माझं सगळं एका दिवसात गोड झालं असं समजू नका. मर ही बाई एका फवाऱ्यानं जाणारी नाही. माझ्या पोटात ती कित्येक साल दडून राहू शकते. तिला हाकलता येत नाही, उपाशी ठेवावी लागते. त्या उन्हाळ्यात वीरेशनं मला खोल नांगरलं. ती खालची फरशी फुटली तेव्हा मला जे हायसं वाटलं ते कसं सांगू, गच्च बांधलेली चोळी सोडल्यासारखं. ढेकळं वैशाखाच्या उन्हात तापू दिली. वाळलेल्या रोपांची मुळं गोळा करून बाहेर काढली. पण बाकीचं काड, भुसकट पेटवलं नाही. काडेपेटी दामिनीनं स्वतःकडं ठेवून घेतली होती.

शेणखत सुमनबाईकडून आलं, बदल्यात पुढं ज्वारी निघाली की तिच्या म्हशींना माझा कडबा. त्या खतात वीरेशनं कृषी केंद्रात विचारून आणलेली ट्रायकोडर्मा नावाची बुरशी मिसळली आणि ओल्या गोणपाटाखाली सावलीत झाकून ठेवली. घाबरू नका, सगळ्या बुरश्या वाईट नसतात. ही मरसारख्या बुरशीच्या मागं लागून तिला खाणारी आहे. आली तेव्हा मला वाटलं, कोण ही नवी सून. पण कामाची निघाली.

मग ज्वारी पेरली, मधे तुरीच्या ओळी. कणसं भरली आणि पाखरं आली. राखायला माणूस नाही. वीरेशनं दुकानातले जुने फ्लेक्स आणून काठ्यांना बांधले, वाऱ्यावर फडफडायला. गावातल्या सगळ्या वाढदिवसांचे चेहरे माझ्या कणसांवर हात जोडून उभे. पहिले आठ दिवस पाखरं घाबरली. नंतर त्याच चेहऱ्यांच्या डोक्यावर बसून निवांत ज्वारी खायला लागली. नीलम्मा बघून म्हणाली, "यांना गावातलं बी कुणी भीत न्हाई, पाखरं काय भितील." शेवटी दामिनी आणि सुमनबाई गोफण घेऊन बसल्या. एवढं होऊनही ज्वारी चांगली झाली. कडबा तर माणसाच्या डोक्यावर गेला. तुरीनंही लाज राखली.

दुसऱ्या पावसाळ्यात मूग घेतला. माझ्यात पाणी मुरायला लागलं, तुंबायचं थांबलं. गांडुळांची पोरंबाळं झाली. मी पहिल्यासारखी झाले का? नाही. चार साल बिघडवलेलं दोन सालात सरळ होत नसतं. पण रंगरूप परत यायला लागलं आहे, आणि ते बरड आता माझ्याकडं मान वर करून बघत नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरचं रान असेल तर मोठ्या माणसांना माझं नाव घेऊन सांगा. पीक बदलत जा. काड पेटवू नका. शेण, पालापाचोळा, जे जे कुजेल ते रानाला परत द्या. रोप वाळलं तर आभाळाकडं बघू नका, मूळ उपटून बघा. आणि रानच नसेल, तर जेवताना ताटात टाकू नका. तेवढं केलंत तरी माझं काम झालं.

आता शेवटचं. परवाचीच गोष्ट. मूग कधीच निघाला होता, पेरणीचे दिवस, माझ्यात चांगली ओल. आजूबाजूला सगळे हरभरा पेरायला लागले. वीरेश आला, मागं पिकअपमध्ये बियाण्याच्या पिशव्या. बांधावर नीलम्मा बसली होती.

"अव्वा, थोरली आता बरी झालीय," तो म्हणाला. "औंदा हरभरा टाकतो. परत जमंल."

"मला कामून सांगायलास? जिच्या पोटात टाकणार हाईस तिला इचार."

त्याला वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय. पण ती हसत नव्हती. मग इकडं तिकडं बघून, कुणी ऐकत नाही याची खात्री करून, तो माझ्यावर उकिडवा बसला, हात टेकला आणि हळूच म्हणाला, "थोरले, टाकू का हरभरा?"

एवढ्या सालांत पहिल्यांदा मला विचारलं. मग मी तरी गप्प का बसू? बोलले, अगदी मोठ्यानं.

"न्हाई. ऐक वीरेश. हरभरा औंदा न्हाई, आन् पुढल्या साली बी न्हाई. ती मर अजून माझ्या पोटात डोळे किलकिले करून बसलीय, ताट वाढायची वाटच बघायलीय. ते पिशव्यांतलं बी धाकटीत टाक, तिच्यात हरभरा झालेला न्हाई कधी. माझ्यात करडई पेर. काटे टोचतील, टोचू दे, तुला जरा टोचायलाच पाहिजे. तू काय गुंडप्पा न्हाईस, आन् होशील असं मला वाटत बी न्हाई. घाई तुझ्या रक्तात हाय. पण पेरायच्या आधी इचारलंस, तेवढ्यावर तुला ठेवून घेते मी. आता ऊठ, ओल उडून चाललीय."